पाण्यातला मोठा ड्रम

ऑगस्ट लागला की शाळेच्या मैदानावर बँडचा सराव सुरू होतो आणि पहिल्या दिवशी मी तिथे थांबत नाही. वह्या तपासायच्या आहेत असं सांगून वरच्या वर्गात जाऊन बसते. पहिल्या दिवशी मुलं मोठ्या ड्रमवर सुटे ठोके टाकून बघतात, कातडं किती उतरलंय ते कळावं म्हणून. एक ठोका. मग काही नाही. मग पुन्हा एक. तालात वाजणारा ड्रम मी तासन्‌तास ऐकू शकते. हे सुटे ठोके मात्र ऐकवत नाहीत. ते कानातून येत नाहीत, फरशीतून पायात चढतात.

यंदाही आभाळ तसंच आहे, धुतलेल्या पाटीसारखं. कोयनेतून पाणी सोडल्याचे निरोप सकाळपासून फोनवर येताहेत. सांगलीत या दिवसांत माणसं भेटली की आधी तब्येत विचारत नाहीत, पुलापाशी किती फूट झालं ते विचारतात. जिन्यात दोघी शिक्षिका तेच बोलत होत्या. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता मला हळदीचा वास आला. कुठे हळद नव्हती. पण त्या वर्षीच्या पुराला हळदीचा वास होता आणि तो ऑगस्ट मला आठवतो तो आधी नाकानं.

मी भूगोल शिकवते. नदी कुठे उगम पावते, कुठे वळते, कुठे मिळते, हे वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवत आले. बँडशी माझा संबंध कागदावरचा. बँडप्रमुख म्हणून कुणातरी शिक्षकाचं नाव लागतं, ते माझं लागलं. खरा बँड होता नानांचा.

नाना म्हणजे आमचे बँडमास्तर. उंब्रजच्या पुढच्या एका खेड्यातले, उसाच्या शेतीवाले. पलटणीच्या बँडात साइड ड्रम वाजवून निवृत्त झालेले. बायको, पार्वतीकाकू, गावाकडे असायच्या आणि नाना सांगलीत शाळेमागच्या बोळात एका खोलीत. चालताना बाजूला कुणीतरी पावलं मोजतंय अशा बेतानं चालायचे. मोठ्या ड्रमचं कातडं त्यांना अस्सलच लागायचं. पावसाळ्यात ते उतरलं की शेगडीत निखारे करून त्याच्यापुढे ड्रम धरून बसायचे, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात ठेवून. "आवं बाई," मला म्हणायचे, "पलास्टिकचं कातडं भिजत न्हाई हे खरं. पर ते ऐकतबी न्हाई."

त्यांची एक खूण होती. वाजवता वाजवता सगळ्यांना एकदम थांबवायचं असेल तर मोठ्या ड्रमवर दोन ठोके, मग एका श्वासाएवढी शांतता, मग एक ठोका. दोन, थांब, एक. तो शेवटचा ठोका पडला की साठ मुलं दगडासारखी उभी राहायची. मैदानावरचे कावळेसुद्धा गप्प व्हायचे असं आम्ही गमतीनं म्हणायचो.

त्या वर्षी जुलैत शाळेच्या समितीनं ठरवलं की बँड पुरे झाला. पंधरा ऑगस्टला मोठा स्पीकर लावायचा, संचलनाची धून मोबाइलवर असतेच. तळमजल्यावरची बँडची खोली रिकामी करून तिथे संगणक ठेवायचे. नानांना हे कुणी सांगायचं? बँडप्रमुखानं. मी गेले. ते झांजा पुसत होते. मी म्हटलं, "नाना, आता पुरे करा. तुमचंही वय झालं." हे दुसरं वाक्य मला कुणी सांगायला लावलं नव्हतं. ते माझंच होतं.

नानांनी खोलीला कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.  चार दिवसांनी कळलं की बोळातली खोली सोडून ते गावाकडे गेले.

मग पाणी वाढायला लागलं.

नदीकाठच्या आमच्या पेठेत पाणी कधी धावत येत नाही. ते मोरीतून येतं, गटारातून उलटं येतं, अंगणातल्या फरशीच्या फटींतून वर येतं. आपण घरात उभे असतो आणि पाण्याची पाटी पायाखाली सरकवल्यासारखी होते. त्या सकाळी आसपासच्या बोळांतली कुटुंबं शाळेत येणार म्हणून मी वरचे वर्ग उघडून द्यायला गेले आणि दुपारपर्यंत परतीचा रस्ताच उरला नाही. वरच्या मजल्यावर चाळीसेक माणसं, गाठोडी, दोन शेळ्या, एक शिलाई मशीन. बाहेर मुसळधार पाऊस, पत्र्यांवर त्याचा असा आवाज की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागे. संध्याकाळी खिडकीतून बघितलं तर मैदान नव्हतं. झेंड्याचा खांब पाण्यातून वर आलेला, एवढंच. पाण्यावर उसाची पाचटं, चपला, आणि कडेकडेनं पिवळी साय. कुठल्यातरी गोदामातली हळद भिजून पाण्यात उतरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस अचानक थांबला. इतका वेळ त्या आवाजात राहिल्यावर शांतता कानात दुखते.  आठच्या सुमाराला मी चहाचा पेला हातात घेऊन भिंतीला टेकले होते आणि पेल्यातल्या चहावर एक वर्तुळ उठलं.

मग आवाज आला. खालून. धप्प.

सगळ्यांनी एकदम खाली बघितलं. पुन्हा एकदा, धप्प. शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

"खाली कोन हाय?" एका बाईनं विचारलं. खाली कुणी असणं शक्यच नव्हतं. जिन्याचं मधलं वळणही बुडालं होतं. खालच्या व्हरांड्यात छताखाली दोनेक हात मोकळी जागा उरलेली. आणि आवाज येत होता तो जिन्याच्या उजव्या अंगाला, बँडच्या खोलीतून. त्या खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

"मोठा ड्रम असंल," पेठेतला दत्ता म्हणाला. दत्ता भोई. नदीवर वाढलेला तिशीतला गडी, मासेमारीची जाळी घेऊनच आला होता. "पान्यावर तरंगत असंल आन् दाराच्या पत्र्यावर आपटत असंल. लाटच वाजवतीया."

पटण्यासारखं होतं. सगळ्यांनी मान डोलावली. पण कुणी हललं नाही. आम्ही बोलायला लागलो की आवाज थांबायचा. गप्प बसलो की यायचा. बायकांनी मुलांना जवळ ओढलं. एक म्हातारा म्हणाला, पुरात वाजणाऱ्या वाद्याला ओ द्यायची नसते, नदी त्या आवाजानं माणूस मागते. त्याला कुणी हसलं नाही.

वर्गाच्या कोपऱ्यात बायाक्का बसली होती. जतकडची धनगर बाई, सत्तरीची, आमच्या पेठेत घोंगड्या विकायची. तिचा नवरा गजनृत्यातला नावाजलेला ढोलकरी होता. तो गेल्यापासून ढोलाचा आवाज आला की ही रस्ता बदलायची, असं तिची सूनच सांगायची. त्या सकाळी मात्र तिनं फरशीवर उजवा तळवा टेकवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच राहिली.

मग म्हणाली, "लाट न्हाई. लाटंला थांबायचं कळत न्हाई. ह्याला हात हाय."

मी ऐकलं. आणि मग मला तेही ऐकू आलं जे मी पहिल्या मिनिटापासून ऐकत होते. दोन ठोके. श्वासाएवढी शांतता. एक ठोका.

मी कुणाला काही सांगितलं नाही.

हे लिहायला सोपं नाही. मी स्वतःला सांगत होते की नाना गावाकडे आहेत, उंब्रजच्या पुढे, कोरड्या घरात. सांगत होते की माणसाच्या कानाला ताल हवाच असतो, घड्याळाच्या टिकटिकीतही तो ताल शोधतो. पण मनाच्या तळाशी दुसरंच होतं. नाना गावाकडे असतील तर खाली कोण? आणि खाली नाना असतील तर ते कसे असतील? मला वाटत होतं, आपण त्यांना थांबवलं आणि आता ते आपल्याला थांबवताहेत. साठ मुलांमधल्या एकीसारखी मी दगड होऊन बसले. पोहे वाटले. मुलांना गोष्ट सांगितली. खालून दर थोड्या वेळानं तो आवाज येत राहिला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा किंचित हळू.

फोनची बॅटरी वाचवायची म्हणून मी तो बंद ठेवला होता. शेवटी सुरू केला आणि नानांचा नंबर लावला. लागला नाही. मग घरचा लावला. पार्वतीकाकूंनी उचलला.

"काकू, नाना आहेत का घरी?"

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "असं काय म्हंतासा, बाई? ते तुमच्याकडंच आलेत न्हवं? काल सकाळच्या एस्टीनं आले. म्हनले, पानी चढतंय, बँडचं सामान माळ्यावर टाकून येतो."

मी फोन तसाच फरशीवर ठेवला. दत्तानं तो उचलला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "किल्ली कुठं हाय?"

पुढचं सगळं फार लवकर झालं आणि फार हळू. दत्तानं किल्लीला सुतळी बांधली आणि ती मनगटाला गुंडाळली, पाण्यात निसटू नये म्हणून. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक चार माणसांनी धरलं. तो पाण्यात उतरण्याआधी बायाक्का मला म्हणाली, "बाई, तुमी वाजवा. त्याला कळू द्या की ऐकलंय."

मी आयुष्यात कधी काही वाजवलं नव्हतं. पाण्याचं रिकामं पिंप होतं, त्यावर मी पोळपाट आपटला. दोन. थांबले. एक.  आणि खालून, अगदी हलके, उत्तर आलं. दोन. एक.

एक बाई रडायला लागली. दत्तानं बुडी मारली.

कुलूप पाण्याखाली होतं. पहिल्या बुडीत ते त्याला सापडलंच नाही. दुसऱ्या बुडीत किल्ली लागली, फिरली नाही. तिसऱ्या बुडीनंतर तो इतका वेळ वर आला नाही की दोर धरणाऱ्यांनी ओढायला सुरुवात केली. मग दोराला उलटा हिसका बसला. थोड्या वेळानं व्हरांड्याच्या टोकाकडून त्याचा आवाज आला, पोकळ, पिंपातून आल्यासारखा: "हाय! जित्ता हाय! मानसं पाठवा रं!"

नाना माळ्यावर होते. खोलीतली सगळी वाद्यं त्यांनी वर चढवली होती आणि स्वतः उरलेल्या जागेत, साइड ड्रमांच्या मधोमध, पाय पोटाशी घेऊन पडले होते. पाणी माळ्याच्या फळीपासून वीतभर खाली. वर आणलं तेव्हा त्यांचे हात पांढरे, सुरकुतलेले, जणू दुसऱ्याच कुणाचे होते. डोळे उघडे होते पण ते कुणाकडे बघत नव्हते. दुपारी बचावाची बोट आली आणि त्यांना घेऊन गेली.

चौथ्या की पाचव्या दिवशी दवाखान्यात त्यांना भेटले. त्यांचा आवाज बसला होता, पण बोलत होते. मागच्या खिडकीचा एक गज सैल होता, तो काढून आत शिरलो, म्हणाले. दारानं का आला नाहीत, मी वरच होते की, असं विचारलं तर त्यांनी मान वळवली. "तुमच्याकडं किल्ली मागायची न्हवती मला." आत असतानाच पाणी वाढलं, कपाट आडवं होऊन खिडकीवर पडलं. मग ते माळ्यावर चढले आणि ड्रम वाजवत राहिले, संध्याकाळभर. पावसात वर कुणाला ऐकू गेलं नाही.

"आणि सकाळी आम्ही ऐकलं," मी म्हटलं.

नानांनी उशीवरून मान उचलली. "सकाळी कुठलं? उजाडायच्या आतच ड्रम हातनं सुटला. पान्यात पडला आन् त्या टोकाला गेला. माझा हात पोचंना. हातात काय ऱ्हायलंच न्हवतं, बाई. काठ्याबी गेल्या."

"मग वाजवत कोण होतं?"

"मला वाटलं तुमीच. वरनं कुनीतरी वाजवतंय असं वाटलं. त्येच्यावरच जागा ऱ्हायलो. झोप आली की वाजायचं, झोप आली की वाजायचं. दुपारचं तर मला कायबी आठवत न्हाई."

मी दवाखान्यातून चालत बायाक्काकडे गेले. ती दारातला गाळ खराट्यानं लोटत होती. मी सगळं सांगितलं आणि जरा रागानंच म्हटलं, "आक्का, तू तर म्हणाली होतीस, ह्याला हात आहे."

ती लोटायची थांबली नाही. "हात हाय म्हनलं मी. कुनाचा ते कुठं म्हनलं?"

पाणी उतरल्यावर बँडची खोली उघडली तेव्हा मोठा ड्रम दाराशीच होता. एका बाजूचं कातडं फाटून लोंबत होतं, दुसऱ्या बाजूवर हळदीचा पिवळा पट्टा. दत्ता म्हणतो लाटच होती. व्हरांड्यातलं पाणी जिन्यावर आपटून परत फिरायचं, त्याचा एक ठरावीक झोका असेल. मी भूगोलाची बाई, मलाही तेच पटतं. दिवसा पटतं आणि वर्गात शिकवताना पटतं.

संगणक त्या खोलीत आले नाहीत. समितीनं काही ठरवलं म्हणून नव्हे. वरच्या मजल्यावर राहिलेल्या बायका गाळ काढायला आल्या, त्यांनी खोली धुतली, माळ्यावरची वाद्यं उन्हात मांडली, आणि मग मुख्याध्यापकांना म्हणाल्या, पंधरा ऑगस्टला वाजवायचं. मोठा ड्रम नव्हता. बायाक्कानं जतला निरोप धाडला आणि नवऱ्याचा ढोल मागवला. घोंगड्यात गुंडाळून एसटीच्या टपावरून तो आला. आठवीतल्या सारिकानं तो गळ्यात घातला तेव्हा तिचे गुडघे वाकले. गाळानं भरलेल्या मैदानात, चपला काढून ठेवून, अकरा मुलं चालली. संचलनाच्या चालीखाली धनगरी ढोल असा घुमत होता की झेंड्याखाली उभ्या पाहुण्यांना पावलं कशी टाकावीत कळेना. बायाक्का फाटकापाशी उभी होती. तिनं रस्ता बदलला नाही. तेव्हापासून आमच्या बँडात दरवर्षी ढोलाची एक चाल असते आणि ती सारिकाच शिकवायला येते. आता ती स्वतः शिक्षिका आहे.

नाना परत उभे राहिले, पण वाजवायला नाही. त्या पुरात एक कान गेला, दुसरा अर्धा. गावी असतात.

मी त्यांना भेटायला दोनतीनदा गेले होते. दर वेळी इकडचं तिकडचं बोलून परत आले. मागच्या महिन्यात, सराव सुरू व्हायच्या आधी, ठरवून गेले. नाना ओसरीवर बसले होते. पार्वतीकाकू शेंगा फोडत होत्या. नानांना ऐकू यायचं तर ओरडावं लागतं, म्हणून जे मी इतकी वर्षं मनातही हळू बोलत होते ते मला सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगावं लागलं.

"नाना, मी सकाळीच ओळखलं होतं! तुमची खूण! आणि मी कुणाला सांगितलं नाही! दुपारपर्यंत गप्प बसले!"

नाना हसले की काय कळलं नाही. तळहात माझ्या डोक्यावर ठेवल्यासारखा हवेत धरला. "आलासा न्हवं शेवटाला," म्हणाले. "मंग झालं."

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला होता. काकूंनी चहा केला, माझ्यापुढे ठेवला आणि त्या बसल्या नाहीत. निघताना मात्र एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आल्या.  गाडी समोरून येताना दिसली तेव्हा म्हणाल्या, "बाई, सकाळी म्हंजी किती वाजता?"

"आठ," मी म्हटलं.

"आन् मला फोन केलासा तवा?"

"साडेबारा."

त्यांनी मान हलवली. ओठ हलले, आठपासून साडेबारापर्यंत एकेक तास पुटपुटत असाव्यात. मग पदर सावरून त्या घराकडे वळल्या.